जाग्याला आईकू दे

माझ्या कपाटात एक पुस्तिका आहे. हिरव्या कव्हरची, साठेक पानांची. ‘कोंडीची वाडी : डोंगरातली नावं आणि त्यांचे अर्थ’. खाली संकलन म्हणून माझं नाव. नवीन पनवेलात कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की अजूनही एखादी म्हणते, “बाई, तुमचं ते पुस्तक वाचलं हो. किती कष्ट घेतलेत.” मी हसते. दुसरं काय करणार? पुस्तिकेत सव्वाशेच्या वर नावं आहेत आणि त्यातलं एक खोटं आहे. छपाईची चूक नव्हे ती. ते खोटं आहे हे मला माहीत होतं आणि मी ते तसंच राहू दिलं.

त्या सव्वाशेतलं एकही नाव मी शोधलेलं नाही. सगळी ठमायनं सांगितलेली. प्रस्तावनेत शेवटून दुसऱ्या ओळीत ती आहे: ‘वाडीतील ज्येष्ठ महिला श्रीमती ठमाबाई यांचेही सहकार्य लाभले.’ यांचेही. हा ‘ही’ मीच लिहिला. आता वाचला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

प्रबळगडाच्या अलीकडे एक बुटकी रांग आहे. तिच्या वरच्या टप्प्यावर वीसबावीस घरांची ठाकरांची वाडी, तीच कोंडीची वाडी. पनवेलच्या स्टँडवरून पायथ्याच्या गावापर्यंत एसटी, पुढे तासभर चढ. ठमाय तिथली. अंगानं काटकुळी, काष्टा घातलेलं लुगडं, कमरेला कायम विळा, डोळे बारीक केलेले. वय विचारलं तर म्हणाली, “करवी नव येळा फुललेली बगितली मी.” करवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. मी मास्तरीण, लगेच मनात गुणाकार केला. सत्तरीच्या आसपास असावी.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. वाडीनं वनहक्काच्या कायद्याखाली डोंगरावर सामूहिक दावा लावायचा ठरवला होता. जिथे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी पिकवली, गुरं चारली, मध काढला, त्या जागा आमच्या वहिवाटीच्या आहेत, असं सरकारला पटवून द्यायचं. वाडीकडे कागद कुठले असणार? म्हणून म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून जोडतात. कुठली जागा, तिला काय म्हणता, ते नाव का पडलं, तिथे काय करता. वाडीला मदत करणाऱ्या पनवेलच्या मंडळींना हे सगळं लिहून घ्यायला माणूस हवा होता. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं भूगोल शिकवलेला, अक्षर चांगलं, आणि घरी बसून ह्यांच्याशी वाद घालण्यापलीकडे उद्योग नव्हता. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी अगदी आदरानं विचारलं, “ठमाबाई, तुम्ही या डोंगराला काय म्हणता?”

तिनं मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. “तुमी कोनाला?” ती म्हणाली. “मी एकलीच हाय. न ठमाय म्हन. ठमाबाई म्हनलं का मला वाटतं कोनी सायेब आला.”

मग मी वही उघडली आणि समोरच्या डोंगराच्या सोंडेकडे बोट करून म्हटलं, “बरं ठमाय, त्या सोंडेचं नाव काय?”

“तितं जाऊन सांगन.”

“इथून दिसतेय की.”

“दिसती न. पन जागा तितं हाय.” आणि चालायला लागली.

तो तिचा नेम होता. नाव सांगायचं ते त्या जागेवर पाय टेकवून. खाली बसून, लांबून, नकाशावर बोट ठेवून नाही म्हणजे नाही. बरं, सांगितलं की संपलं असंही नाही. नाव सांगून झालं की ती मला म्हणायची, “आता तू म्हन.” मी पुटपुटले की चालायचं नाही. “मोट्यानं म्हन. तीनदा. जाग्याला आईकू दे.” मी, वर्गात साठ पोरांना गप्प करणारी बाई, डोंगरात उभी राहून दगडाला त्याचं नाव तीनदा सांगायची. पहिल्यांदा इतकी लाज वाटली की मी आधी आजूबाजूला कुणी ट्रेकवाले नाहीत ना ते पाहून घेतलं. ठमाय विळ्यानं पायातला काटा काढत बसली होती. माझं तिसऱ्यांदा म्हणून झालं तेव्हा मान हलवून उठली.

अशानं एका दिवसात चार नावं व्हायची. फार तर पाच. माझे गुडघे बोलायला लागले. ह्यांनी एकदा सुचवलं, “त्यांनाच घरी बोलाव, चहापाणी कर, एका बैठकीत आटपेल.” मला पटलं. भाज्या घेऊन तिची सून मंगल आठवड्यातून दोनदा पनवेलला स्टँडजवळ बसते, तिच्याबरोबर ठमाय एके दिवशी आली. मी पोहे केले, टेबलावर नकाशा पसरला. आमच्या गॅलरीतून ती रांग स्वच्छ दिसते, तिथे खुर्ची ठेवली.

ठमायनं पोहे खाल्ले, चहा बशीत ओतून प्याली, गॅलरीत उभं राहून डोंगराकडे बराच वेळ बघितलं. मग खाली रस्त्याकडे बघितलं. “तुज्या ह्या वाटंला काय म्हन्तान?”

मी म्हटलं, “हा सेक्टर. पुढचाही सेक्टर. नंबर आहेत त्यांना.”

“सेक्टर कोन व्हता?”

मला हसू आवरेना. हे आतून म्हणाले, “आता दे उत्तर, भूगोलाच्या बाई.” तीस वर्षं मी पोरांना नकाशा पाठ करायला लावला, पण मी राहते त्या रस्त्यावर माझ्या आधी कोण चाललं, इथे शेत कुणाचं होतं, हे मला एका ओळीत सांगता येईना. ठमायनं माझी फार वाट पाहिली नाही. नकाशाची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बुदवारी ये वरती. हितनं काय दिसत नाय.”

मग बुधवारी मी वर गेले. दीड वर्ष जात राहिले.

एकेक नाव म्हणजे एकेक माणूस होता. वाडीखालच्या कातळात एक अवघड पायरी आहे, तिला हाशाची पायरी म्हणतात. कुणी एक नवी नवरी वाडीत येताना तिथे घसरून बसली. सगळे घाबरले, आणि ती रडायच्या ऐवजी हसत सुटली. तेव्हापासून तिथून जाताना हसायचं. मोळी डोक्यावर असली, ताप असला, तरी हसायचं. ठमाय तिथे पोचली की ‘ही ही’ करून दोनदा हसायची, गेटवर तिकीट दाखवावं तितक्या सरावानं, आणि पुढे चालू लागायची. मला मात्र पायरीवर थांबवून ठेवायची. “हास. नायतं सोडनार नाय ती तुला.”

वर एक सपाट खडक आहे, पोरठेवण. लाकडं तोडायला गेलेल्या बाया तान्ही पोरं तिथे ओळीनं निजवायच्या आणि एक म्हातारी राखणीला बसवायच्या. ठमायची चारही पोरं त्या खडकावर वाढली. त्यातलं एक गेलं. कुठलं, कसं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिनं फक्त खडकाच्या एका कडेला हात फिरवला आणि म्हणाली, “ही त्याची जागा.” मी वहीत लिहिलं: पोरठेवण, अर्थ स्पष्ट आहे. अर्थ स्पष्ट आहे! काय मेलं स्पष्ट होतं त्यात?

एका खिंडीच्या पुढे लांबलचक उतार लागतो. झाडी नाही, पाणी नाही, बसायला सावली नाही. मी वही काढली. “याचं नाव?”

“ह्याला नाव नाय.”

“असं कसं? एवढी मोठी जागा.”

“हितं कोनी कदी थांबला नाय,” ठमाय म्हणाली. “थांबल्याबिगर नाव कसं पडंल?”

माझ्या वर्गात मी पोरांना सांगायची की नाव हे खुणेसाठी असतं. ठमायच्या हिशोबानं नाव पडायला कुणीतरी तिथे बसायला, घसरायला, भांडायला, मरायला हवं. ती माझ्याहून चांगली भूगोलाची शिक्षिका होती, हे मी तेव्हाच मान्य केलं होतं. पण मान्य केलं ते कौतुकानं, जसं आपण हुशार गड्याचं करतो. तिच्याकडून शिकायचं मात्र राहून गेलं.

एकदा वाडीत हळद होती. मला आग्रहानं बोलावलं होतं. बाया एकमेकींना अडवून उखाणे घ्यायला लावत होत्या, एकेकीचं ऐकून मी हसून हसून बेजार. मी ठमायला म्हटलं, “आता तू घे नाव.”

मंगलनं माझा पदर ओढला. “बाई, तिचा मालक नाय राहिला. तिनं नाव घ्यायचं नसतं.”

इथे माझ्यातली सुधारक जागी झाली. मी तिथल्या तिथे छोटंसं भाषणच दिलं. नवरा गेला म्हणून बाईनं नाव का घेऊ नये, या जुन्या चालीरीती आपणच मोडायला हव्यात, वगैरे. शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभावं असं. गंमत पहा, मी स्वतः नवऱ्याला चाळीस वर्षं ‘अहो’ म्हणते आणि बाहेर ‘हे’ म्हणते. बँकेत फॉर्म भरताना त्यांचं नाव विचारलं तर पेन मागून लिहून देते. आणि मी ठमायला शिकवत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “नाव घेतलं का मानूस मागं वळून बगतो, बाई. गेल्याला कशाला वळवायचा? त्याची वाट त्याला जाऊ दे.”

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात मला ‘माहीत नव्हतं’ म्हणायला जागा नाही.

डोंगराच्या माथ्याजवळ एक मोठी सपाटी आहे. दाव्यातली सगळ्यात मोलाची जागा तीच. वाडीची नाचणी-वरी तिथे होते, बाकी सगळा उतार. पलीकडच्या बाजूनं मोहाची झाडं आणि बारमाही पाण्याचं एक डबकं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा ठमाय जरा बाजूला जाऊन उभी राहिली. मी नाव विचारलं. ती म्हणाली, “थोरली सपाटी.”

“का म्हणतात?”

“थोरली हाय म्हनून.”

मी लिहून घेतलं आणि म्हणायला तोंड उघडलं, तर ती चालायलाही लागली होती. “ऱ्हाऊ दे,” म्हणाली, “ऊन झालंय.” सव्वाशे नावांत ही एकच जागा, जिथे तिनं मला तीनदा म्हणायला लावलं नाही. मला काय वाटलं? बरं वाटलं. चला, घसा वाचला.

नोंदवही टाइप करायला मी इक्बालभाईंकडे दिली. बाजारात त्यांचं झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान आहे. टाइप करता करता वाचतात आणि वाचता वाचता शंका काढतात, अशी त्यांची सवय. ते म्हणाले, “बाई, माशाल्ला, काय काय किस्से आहेत. पण ही थोरली सपाटी बघा. बाकी प्रत्येक नावात कोणी ना कोणी आहे. ह्याच्यात कोणीच नाही. एवढी मोठी जमीन, आणि किस्साच नाही?”

मी म्हटलं, “इक्बालभाई, प्रत्येक नावाला किस्सा असायलाच हवा का? तुम्ही टाइप करा.” माझा स्वभाव असा. चूक दाखवणाऱ्यावर आधी खेकसायचं, मग घरी येऊन विचार करायचा. त्या वेळी घरी येऊनही केला नाही.

जबाब जोडून दावा दाखल झाला. मंडळींना नावं इतकी आवडली की त्यांनी ती पुस्तिकाही काढली. रविवारी पनवेलात छोटा कार्यक्रम, माझा सत्कार, शाल, नारळ, जुने विद्यार्थी येणार. त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी स्टँडजवळ मंगलकडे माठाची भाजी घ्यायला थांबले. पुस्तिकेची एक प्रत पिशवीत होती, मोठ्या कौतुकानं तिला दाखवली. मंगल दहावीपर्यंत शिकलेली. तिनं भाजीच्या जुड्या बाजूला सारून पानं चाळली आणि एका पानावर थांबून हसायला लागली.

“बाई, ही थोरली सपाटी कंची?”

मी खाणाखुणा सांगितल्या.

“आवो तो पोशाचा माळ. समदी वाडी पोशाचा माळ म्हनते. जुना कोनी पोशा व्हता, त्यानं पैली नाचनी पेरली तितं. माज्या सासऱ्याचं नाव त्याच्यावरनंच ठेवलेलं, पोशा. म्हनून आमची आय त्या माळाचं नाव घेत नाय. शेजारच्या पोशालाबी ती ‘त्या नावाचा’ म्हन्ती.” मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “तेवडं कागदात नीट करा, बाई. सरकारी नकाशात पोशाचा माळच हाय म्हन्तान.”

“करते,” मी म्हटलं.

म्हणजे ठमाय खोटं बोलली नव्हती. तिला जे तोंडावर आणता येत नव्हतं त्याच्या जागी तिनं मला एक तात्पुरतं नाव दिलं होतं, आणि ते समजायची जबाबदारी माझी होती. नवऱ्याला ‘हे’ म्हणणाऱ्या बाईला हे समजायला नको?

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, “एक पत्र लिही, उद्याच्या उद्या नेऊन दे. थोरली सपाटी म्हणजेच पोशाचा माळ, दोन ओळींचं काम आहे.”

“आणि मग ते विचारतील, बाकीची नावं तरी बरोबर आहेत कशावरून? रविवारी कार्यक्रम आहे. छापून झालंय सगळं.”

“कार्यक्रम महत्त्वाचा की माळ?”

मी त्यांच्यावर अशी काही तडकले की ते वर्तमानपत्र घेऊन आत गेले. रविवारी मी शाल पांघरून घेतली. सोमवारी लिहू म्हटलं. सोमवारी पाहुणे होते. मंगळवारी मी स्वतःला समजावलं की प्रत्यक्ष पाहणीला येतील तेव्हा तोंडी सांगू, तेच बरं. माणसाला टाळायचं असलं की त्याची अक्कल भलती तरतरीत होते.

पाहणी गुरुवारी आली. एक तरुण साहेब, त्यांच्याबरोबर दोन कारकून, एक वनरक्षक. वाडीतले पाचसहा पुरुष, काही बाया, ठमाय आणि मंडळींच्या वतीनं मी. मंगल त्या दिवशी नेमकी पनवेलला भाजी घेऊन गेली होती, आणि ते कळल्यावर मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटलं होतं खरं.

साहेब माणूस चांगला होता. प्रत्येक जागी थांबत होता, जबाब वाचत होता, ठमायला विचारत होता. हाशाच्या पायरीवर तोही हसला. पोरठेवणीपाशी त्यानं बूट काढले. मला वाटलं, निभावलं. मग आम्ही माथ्यावर पोचलो.

त्यानं जुन्या नकाशाची प्रत काढली, इकडेतिकडे पाहिलं. “नकाशात इथे कुठेतरी पोशाचा माळ दाखवलाय. तुमच्या जबाबात पोशाचा माळ नाहीच. थोरली सपाटी आहे. म्हणजे माळ वेगळा का? दाव्यात धरलेला नाही?”

पुरुषांतला एक म्हणाला, “ह्योच माळ, सायेब.”

“तुम्ही थांबा जरा. जबाब यांचा आहे, यांना सांगू द्या.” आणि ठमायकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाला, “आजी, या जागेला काय म्हणतात?”

ठमायची बोटं विळ्याच्या मुठीशी चाळवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात, खात्री होती. दीड वर्ष जिला दगडाझाडांची नावं मोठ्यानं म्हणायला शिकवलं, ती एवढं एक नाव आपल्याऐवजी म्हणेल, अशी.

साहेबानंही माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही लिहून घेतलंय. जागा एक की दोन?”

एक शब्द बोलायचा होता. ‘एक.’ आणि त्याच्या मागोमाग सांगायचं होतं की चूक माझी आहे, मला आठवड्यापूर्वी कळली आणि मी दुरुस्त केली नाही. कारकून टिपून घेत होता. माझ्या पिशवीत पुस्तिकेच्या तीन प्रती होत्या, साहेबांना भेट द्यायला आणलेल्या.

मी म्हटलं, “माझ्या नोंदीत थोरली सपाटी आहे. पोशाचा माळ माझ्या नोंदीत नाही.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. असं बोलायला मी कुठे शिकले देव जाणे.

मग ठमायनं विळा कमरेचा काढून खाली ठेवला. पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला, नवरी घेते तसा. डोळे मिटले. आणि हळदीत बाया ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात, एकही अक्षर न गाळता तिनं नाव घेतलं:

“करवी फुलली डोंगराला, मध पितान माशा,
ह्योच माळ, सायेब, न माळाचा धनी पोशा.”

वाडीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. एकीनं मान फिरवली. पुरुष खाली बघायला लागले. कारकुनांना काय माहीत? त्यांना गंमत वाटली. एक ‘वा आजी’ म्हणाला, दुसऱ्यानं मोबाइल काढला आणि म्हणाला, “आजी, परत एकदा घ्या ना, शूट करतो.” साहेबही हसला, कौतुकानंच हसला. “छान घेतलंत हो नाव. पण आजी, उखाणा मी कागदात कसा लिहू?” आणि मग, हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही, त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “मॅडम?”

दुसरी संधी होती ती. एवढं झाल्यावर तरी बोलावं? तर मी चष्मा पुसत राहिले. साहेबानं ‘पोशाचा माळ : दाव्यात नाही’ असं लिहिलं आणि नकाशाची घडी घातली. सगळे उतरायला लागले.

दावा मंजूर झाला, पोशाचा माळ वगळून. आता त्याला वनखात्याचं तारेचं कुंपण आहे. मी नंतर पत्र लिहिलं, कबुलीचं, सहीचं, दोन नाही तर चार ओळींचं. उत्तर आलं की निर्णय झालेला आहे, फेरविचारासाठी नव्यानं अर्ज करावा. वाडीनं केलाय. अजून पडून आहे. ठमायचा जबाब पुन्हा लागला असता, पण ती गेल्या वर्षी गेली. मंगलनंच स्टँडजवळ सांगितलं, माझ्या पिशवीत एक जुडी जास्त टाकता टाकता. मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. हल्ली मी भाजी दुसरीकडून घेते.

पण ठमाय मला शेवटची दिसली ती त्या दिवशी, माळावर. सगळे पुढे गेले होते. मी चपलेचा बंद लावायचं निमित्त करून मागे राहिले, मला कुणाबरोबर चालायचं नव्हतं. मान वर केली तर ती तिथेच उभी. पदर डोक्यावरून खाली घेतला होता. मी म्हटलं, “ठमाय, मला माफ कर.”

तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती माळाकडे बघत होती. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आता तू म्हन.”

“काय?”

“नाव. मोट्यानं. जाग्याला आईकू दे.”

मी उभी राहिले. नाचणीची काढणी होऊन गेली होती, खुंट तेवढे उभे होते, पलीकडे मोहाची झाडं. “पोशाचा माळ,” मी म्हटलं. ती थांबून राहिली. मी दुसऱ्यांदा म्हटलं, आणखी मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा खणखणीत लागला. साहेब, कारकून, वनरक्षक केव्हाच खिंडीच्या पलीकडे उतरले होते. तिथे आम्ही दोघीच होतो.

“येतंय की तुला,” ठमाय म्हणाली, आणि विळा उचलून उतरायला लागली.